उताराच्या वेळा छापणार नाही

पावसाळा ओसरू लागला की वाचकांची पत्रं येतात. घाटांचा तक्ता यंदा कोणत्या अंकात, हे एक. आणि चढाच्या वेळा देता तशा उताराच्याही द्या, हे दुसरं. या दुसऱ्या मागणीचा जोर अलीकडे वाढला आहे. वाईहून पाचगणीपर्यंत पसरणी घाट कोण किती मिनिटांत चढला याचं कौतुक करता, मग पाचगणीहून वाईला कोण किती मिनिटांत उतरला हे का लपवता, असा रोकडा सवाल आहे. उत्तरही रोकडंच देतो. या मासिकात उघड्या रस्त्यावरच्या उताराच्या वेळा छापल्या जाणार नाहीत. रस्ता बंद करून घेतलेल्या स्पर्धेचं वार्तांकन असेल तर गोष्ट वेगळी.

'सुरक्षितता' एवढा एक शब्द लिहून मोकळं होता आलं असतं. पण आपल्या जगात सुरक्षितता म्हटलं की हेल्मेट, ग्लोव्हज आणि मागचा लाल दिवा एवढंच आठवतं. म्हणजे स्वतःचीच. उताराच्या रस्त्यावर आपल्याखेरीज आणखीही माणसं असतात आणि त्यांनी हेल्मेट घातलेलं नसतं.

सह्याद्रीच्या ठेवणीतच ही गोम आहे. डोंगराचा पाय जिथे टेकतो तिथे पाणी, पाण्यापाशी खाचरं आणि खाचरांपाशी वाडी. त्यामुळे घाटाची वळणं सैल होऊन सायकल सुटते, तिथेच गाव सुरू होतं. भोर-महाड रस्ता आपल्या बहुतेक वाचकांच्या पायाखालचा आहे. नीरा देवघरच्या पाण्याच्या कडेकडेने चढत जायचं, वाघजाईपाशी चहा-भजी, माकडांपासून केळी सांभाळायची आणि मग वरंधा घाट उतरायला घ्यायचा. वळणावळणांतून खाली आलं की माझेरी येतं, पुढे वरंध, मग बिरवाडी. वरच्या वळणांत सगळेच सावध असतात, कारण तिथे दरी दिसते. खाली दरी नसते आणि बोटं ब्रेकवरून सुटतात.

भाताची कापणी झाल्यावर अशा गावांत काय चित्र असतं ते जरा जवळून बघू. अर्ध्या रस्त्यावर ताडपत्री, तिच्यावर भात वाळत घातलेलं, आणि गाड्यांनी त्या बाजूला येऊ नये म्हणून कडेला ओळीने मांडलेले डोक्याएवढे दगड. एक म्हातारी अनवाणी पायांनी भातात सऱ्या पाडत चालली आहे. त्याने खालचे दाणे वर येतात. तिची पाठ घाटाकडे. पण तिचे कान घाटाकडेच असतात. एसटी दोन वळणं वर असतानाच गिअर पडल्याचा आवाज येतो, ट्रक हॉर्न देतो, मोटारसायकल फटफटते. वळणाआडचं दिसत नाही, म्हणून या गावांतली माणसं रस्ता कानांनी ओलांडतात. आपल्या सायकलीला आवाज नाही. फ्रीहबचा टिकटिकाट वारा उलटा असेल तर दहा पावलांवरही ऐकू येत नाही.

त्यातून सायकल दिसलीच, तरी तिचा हिशोब चुकतो. त्या म्हातारीच्या लेखी सायकल म्हणजे पोस्टमनची, नाहीतर शाळेतून येणाऱ्या नातीची. ती सायकल त्या वळणावर दिसली की मधल्या वेळात ताडपत्रीचं टोक ओढून घेता येतं आणि बाजूलाही होता येतं. तिचा अंदाज ताशी पंधरा किलोमीटरचा आहे आणि गेल्या चाळीस वर्षांत तो कधी चुकलेला नाही. साठने येणारी सायकल तिने पाहिलेलीच नसते. 'गावकरी बघून चालत नाहीत' ही आपल्याकडची लाडकी तक्रार म्हणूनच आम्हाला मान्य नाही. ते बघतात, पण ते सायकल बघतात आणि येतं ते भलतंच काहीतरी.

आकडेमोड सोपी आहे. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. समोरचं दिसून बोटं ब्रेकवर आवळेपर्यंत एक सेकंद गेला असं धरलं तर १७ मीटर तिथेच गेले. पुढे रस्ता कोरडा, ब्रेक उत्तम आणि हात कसलेला असला तरी सहा टक्के उतारावर थांबायला आणखी ३० मीटरच्या वर लागतात. सगळे मिळून पन्नासेक मीटर. ताशी २५ ने येणारा त्याच जागी १३ मीटरमध्ये थांबतो. रस्ता ओला असेल आणि पकड निम्मी धरली, तर साठने येणाऱ्याला ९० मीटर पुरत नाहीत. घाटातल्या वळणाआड २५-३० मीटरपलीकडचं दिसलं तरी नशीब. ब्रेकचा दाब वाढवून हे गणित सुटत नाही, कारण एका मर्यादेपलीकडे पुढचा ब्रेक दाबला की मागचं चाक उचललं जातं आणि रायडर हँडलवरून जातो. डिस्क ब्रेकने ओल्यात फरक पडतो, बोटंही कमी दुखतात. हँडलवरून जाण्याची मर्यादा मात्र तीच राहते.

आपले जुने घाट त्या मानाने दयाळू आहेत. बैलगाडी आणि घोडागाडी डोळ्यांपुढे ठेवून ते काढले गेले. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० साली खुला झाला. पुढच्या डोंगरी रस्त्यांच्या मानकांतही नेहमीचा चढ पाच-सहा टक्क्यांचाच धरलेला आहे. खरी कसोटी वाड्यावस्त्यांच्या रस्त्यांवर लागते. २००० साली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली आणि जिथे पायवाट होती तिथे डांबर पोहोचलं, पुढे काही ठिकाणी सिमेंटही. हे रस्ते एका गाडीच्या रुंदीचे, मधेच दहा-बारा टक्के उताराचे, आणि त्यांना 'बायपास' नावाची गोष्ट नाही. रस्ता घरांच्या अंगणांतूनच जातो. किंबहुना तोच अंगण असतो. झाडांच्या सावलीतल्या सिमेंटवर दिवाळीपर्यंत शेवाळ टिकतं. गावाच्या तोंडाशी मारलेल्या रंबलरच्या पिवळ्या पट्ट्या ओल्या असताना त्यांच्यावर ब्रेक लावून बघण्याची हौस कोणी करू नये. हमरस्त्याची रहदारी नको म्हणून आपण हल्ली हेच रस्ते शोधून काढतो, ते योग्यच आहे. पण हमरस्त्यावरचा वेग मग हमरस्त्यावरच ठेवून यावा.

उतार उतरणं ही कला आहे, हा आक्षेप येणार आणि तो खराच आहे. ड्रॉप्सवर हात, वजन मागे, बाहेरच्या पेडलवर भार, वळणात शिरण्याआधी ब्रेक, सलग न चोळता आवळून-सोडून ब्रेक, नाहीतर रिम तापून ट्यूब फुटते. यावर आम्ही पानंच्या पानं छापू. पण कलेचं मोजमाप घड्याळाने करायचं ठरवलं की काय होतं, हे व्यावसायिक सायकलिंगने दाखवून दिलेलं आहे. २०१७ साली जिरो द'इतालियाच्या शंभराव्या खेपेला संयोजकांनी सर्वांत वेगाने उतरणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं होतं. रायडर्समधूनच इतकी ओरड झाली की शर्यत सुरू होण्याआधीच त्यांनी ते मागे घेतलं. तिथे रस्ते बंद असतात, वळणावळणावर झेंडे घेतलेली माणसं असतात, मागे डॉक्टरची गाडी असते. तरीही पोटावर दुमडून, टॉपट्यूबवर बसून उतरण्याची पद्धत २०२१ पासून आंतरराष्ट्रीय संघटनेने बंद केली. आणि जून २०२३ मध्ये टूर द स्विसच्या पाचव्या टप्प्यात अल्बुला खिंडीच्या उतारावर जिनो मेडर हा रायडर दरीत कोसळला. दुसऱ्या दिवशी तो गेला. त्या टप्प्याची अंतिम रेषा उताराच्या पायथ्याशी, ला पुंट या गावात होती. शेवटची रेषा पायथ्याच्या गावात आखायची का, यावर युरोपात तेव्हा पुष्कळ बोललं गेलं.

हा मुद्दा आपल्याकडच्या संयोजकांनी मनावर घ्यावा. बीआरएममध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला पुरा करायच्या राईडमध्ये, शर्यत नसते हे मान्य. पण घड्याळ असतं. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास आणि मधल्या कंट्रोलची, म्हणजे कार्डावर शिक्का घ्यायच्या ठिकाणाची, वेळ साधारण ताशी १५ किलोमीटरच्या हिशोबाने बंद होते. घाट ताशी आठने चढलेला रायडर माथ्यावर पोहोचतो तेव्हा त्याची शिल्लक संपत आलेली असते. अशा माणसाला पायथ्याच्या पहिल्याच गावात कंट्रोल ठेवला तर तो तोटा उतारावरच भरून काढणार, दुसरीकडे कुठे काढणार? कंट्रोल आणखी पंधरा-वीस किलोमीटर पुढे, सपाटीला न्या. एक पैसाही खर्च न होता हे करता येतं. 'पायथ्याला चहा चांगला मिळतो' ही सबब आम्ही ऐकली आहे. चहा प्यावाच, भरपूर प्यावा. ब्रेव्हे कार्डावर शिक्का मात्र पुढे मारावा.

गावातून सावकाश गेल्याने बुडतं तरी किती? अर्ध्या किलोमीटरची वस्ती ताशी पन्नासने ३६ सेकंदांत मागे पडते आणि वीसने दीड मिनिटात. फरक ५४ सेकंदांचा. दिवसभरात अशा पाच वस्त्या लागल्या तरी पाच मिनिटं होत नाहीत. तेवढी पंक्चर काढताना पंप शोधण्यात जातात.

दोन गोष्टी आणखी. घंटी लावा. महागड्या हँडलबारवर ती शोभत नाही हे आम्हाला ठाऊक आहे. तरी लावा, आणि वस्ती दिसायच्या आधीपासून वाजवा. दुसरं, अरुंद डोंगरी रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, उतरणाऱ्याने थांबायचं, हा कायद्यातला नियम आहे आणि एसटीचे चालक तो पाळतात. आपण एसटीला पाहून थांबतो. डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन चढणाऱ्या बाईला पाहून किती जण थांबतात? तिच्यासाठी कायद्यात वेगळी ओळ शोधायची गरज नाही. ग्रुप राईडमध्ये ही जबाबदारी पहिल्या सायकलीवर जास्त आहे, कारण पाचव्या-सहाव्याला पुढच्याच्या पाठीखेरीज काही दिसत नसतं. पुढचा हळू झाला की मागची रांग आपोआप हळू होते.

स्ट्राव्हावर एखादा सेगमेंट, म्हणजे वेळांच्या क्रमवारीसाठी आखलेला रस्त्याचा तुकडा, धोकादायक म्हणून नोंदवता येतो. नोंदवला की त्याची क्रमवारी दिसेनाशी होते. वस्तीतून जाणाऱ्या उतारांचे सेगमेंट ज्यांनी हौसेने बनवले, त्यांनीच ते नोंदवून टाकले तर बरं. आपल्या नावापुढचा मुकुट जाईल, हे खरं.

घाटांच्या तक्त्यात मात्र उताराचा रकाना येणार आहे. त्यात मिनिटं नसतील. माथ्यापासून कितव्या किलोमीटरला पहिलं घर लागतं, शेवाळ कुठे आणि कोणत्या महिन्यापर्यंत असतं, भात-नाचणी रस्त्यावर कुठे पसरतात, गुरं संध्याकाळी किती वाजता परततात, मुक्कामाची एसटी वर कधी चढते, असा मजकूर असेल. तो पुण्या-मुंबईत बसून भरता येणार नाही. पहिल्या खेपेला आंबेनळी आणि कुंभार्ली हे दोन घाट घेत आहोत. आंबेनळीत महाबळेश्वरहून वाडा कुंभरोशीपर्यंतच्या टप्प्याची माहिती आहे, तिथून पोलादपूरपर्यंतची हवी. कुंभार्लीची दोन्ही बाजूंची हवी. चिपळूण आणि पाटणच्या वाचकांनी लिहावं. आणि लिहिण्याआधी तिथल्या एखाद्या दुकानदाराला विचारून घ्यावं, कारण गुरांची वेळ आपल्यापेक्षा त्याला पक्की ठाऊक असते.