दार काढल्याशिवाय फ्रिज खळ्यावर ठेवू नका

मळणी आटोपली की खळ्यावर मुलांचा लपंडाव रंगतो, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. गेल्या सुगीत आमच्या शेजारच्या वाडीत असाच खेळ चालला होता. खळ्याच्या कडेला एक बंद पडलेला फ्रिज उभा होता. विळे, दोरखंड आणि बियाण्याचे डबे ठेवायला तो बरा, म्हणून घरच्यांनी तो टाकला नव्हता. सहा वर्षांचा मुलगा डबे बाहेर काढून आत शिरला आणि दार लागले. डबे बाहेर का पडलेत, म्हणून रागावत आजी तिकडे गेली आणि तिने दार उघडले. मूल घामाने चिंब झाले होते, ओठ निळे पडले होते, पण श्वास होता. आजीचा राग त्या दिवशी कामाला आला. नाहीतर आज हा लेख लिहिण्याचे धैर्य आम्हाला झाले नसते.

फ्रिज आत थंड राहतो तो त्याच्या घट्ट बसणाऱ्या दारामुळे आणि भिंतीतल्या जाड फोममुळे. त्याच दोन गोष्टी आत सापडलेल्या मुलाचा जीव घेतात. दाराच्या रबरी पट्टीतून हवा येत नाही आणि फोममधून हाक बाहेर जात नाही. पूर्वीच्या फ्रिजला बाहेरून खटका असे, आतून उघडण्याची सोयच नसे. अमेरिकेत कितीतरी मुले अशी गुदमरून गेली, तेव्हा १९५६ साली तेथे कायदा झाला की दार आतून ढकलून उघडता आलेच पाहिजे. पुढे खटका जाऊन चुंबकाची पट्टी आली.

“मग आता भीती कसली? चुंबकाचे दार मूल सहज ढकलील,” असे आम्हाला एका सुशिक्षित गृहस्थांनी ऐकवले. त्यांना आम्ही त्यांच्याच फ्रिजची किल्ली दाखवली. आपल्याकडच्या बहुतेक एकदारी फ्रिजला कुलूप असते आणि खेळात एका भावंडाने किल्ली फिरवली की चुंबक असून उपयोग नाही. शिवाय दाराला भाताचे पोते टेकलेले असेल किंवा फ्रिज दारावरच पालथा पडला, तर मोठ्या माणसालाही दार ढकलवणार नाही. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. फ्रिज बंद पडला आणि दुरुस्त करायचा नाही असे ठरले, की त्याच दिवशी दार काढावे. बिजागरीचे दोन-चार स्क्रू असतात, पाना आणि स्क्रूड्रायव्हर असला की थोड्या वेळाचे काम. विकायचा असेल तर दार भिंतीकडे करून फ्रिज भिंतीला अगदी चिकटवून ठेवावा आणि दोराने आवळावा. मासळीवाल्यांकडच्या आडव्या फ्रीजरचे झाकणही असेच काढावे, कारण ते आत उतरलेल्या मुलावर वरून पडते.

चालू फ्रिजकडे वळू. तेथे आमची खरी तक्रार औषधांबद्दल आहे. शेतीच्या औषधाच्या बाटलीवर ‘थंड व कोरड्या जागी ठेवा’ असे छापलेले असते. त्याचा अर्थ सावलीतली, कुलूपबंद, ओल नसलेली जागा. पण काही घरांत त्याचा अर्थ फ्रिज असा घेतला गेला आहे! लाल त्रिकोणाची बाटली दुधाच्या पातेल्याशेजारी आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. उरलेले औषध सरबताच्या बाटलीत ओतून आत ठेवणे तर त्याहून वाईट. उन्हातून आलेले माणूस फ्रिज उघडते ते थंड काहीतरी प्यायलाच. वास घेऊन, चिठ्ठी वाचून कोणी पीत नाही. शेतीचे कोणतेही विष घरच्या फ्रिजमध्ये ठेवू नये, एक रात्रसुद्धा नाही.

जनावरांच्या लशीचे थोडे वेगळे आहे. लाळ्या-खुरकूत किंवा घटसर्पाच्या लशीला २ ते ८ अंश सेल्सिअस थंडावा लागतोच. पण ती टोचायच्या दिवशीच दवाखान्यातून बर्फाच्या थर्मासात आणावी हे उत्तम. अडचणच आली तर झाकणाच्या वेगळ्या डब्यात, मधल्या कप्प्यात ठेवावी. दारात ठेवली तर दर उघडझापीला ऊब लागते आणि बर्फाच्या खणाजवळ ठेवली तर गोठते. गोठलेली लस वाया गेली असे समजावे. घरातल्या मधुमेही माणसाच्या इन्सुलिनलाही हाच नियम आहे, गोठून वितळलेले इन्सुलिन टोचायचे नाही.

अन्नाबद्दल घरच्या बायकांना शिकवण्याचा आव आम्ही आणत नाही, पण एकदोन गोष्टी बोलून टाकतो. फ्रिजमध्ये जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ मंदावते एवढेच, आणि तीही आतला थंडावा ५ अंशांच्या खाली असेल तर. नाताळचे सोरपोतेल व्हिनेगरमुळे टिकते हे खरे. परंतु आपल्या आज्या ते रोज चुलीवर उकळत असत. फ्रिज आला आणि उकळणे थांबले. आता सबंध टोप बाहेर निघतो, दोन डाव काढले जातात आणि टोप तसाच परत आत जातो. त्यापेक्षा लहान डब्यांत भरावे, लागेल तो डबा काढावा आणि वाफा येईपर्यंत गरम करावा. शिजलेला भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावा. कच्चे मांस आणि मासळी झाकून सगळ्यांत खाली ठेवावी, म्हणजे त्याचे पाणी दह्यावर ठिबकणार नाही.

आमच्या खानापूर भागात पावसाळ्यात वीज जाते ती परत कधी येईल याचा नेम नसतो. दार बंद ठेवले तर खालचे कप्पे सुमारे ४ तास थंड राहतात. बर्फाच्या खणात एका वाटीत पाणी गोठवून वर एक नाणे ठेवावे. दोन दिवसांनी गावाहून परत आल्यावर नाणे बर्फात बुडालेले दिसले, तर मध्ये सारे वितळून पुन्हा गोठले होते. मग तेथले मांस खाऊ नये. वीज परत येताच लगेच बटण दाबू नये, चार-पाच मिनिटे थांबावे. आणि प्लगची तिसरी पिन मोडून दोन पिनांवर काम भागवण्याची सवय सोडावी. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून फ्रिजचा पत्रा धरणाऱ्याला ती तिसरी पिनच वाचवते.

खणातला बर्फ सुरीने खरवडू नये. खालच्या पातळ नळीला भोक पडले तर गॅस निघून जातो. अलीकडच्या पुष्कळ फ्रिजमध्ये आयसोब्युटेन नावाचा पेटणारा गॅस असतो. तो गळाल्याची शंका आली तर काडी ओढू नये, बटणे चालू-बंद करू नयेत, खिडक्या उघडाव्यात. गेल्या शतकातल्या फ्रिजमधला गॅस पेटत नाही, पण त्याची खोड निराळी. तो आकाशातल्या ओझोनचा थर विरळ करतो. १९८७च्या माँट्रियल करारात त्याला आवर घालण्याचे ठरले, ते यामुळेच. शिवाय पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दहा हजार पट भारी आहे. शंभर ग्रॅम गॅस सुटला की हजार किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे झाले.

भंगारवाला नेमके हेच करतो. तांब्यासाठी नळी कापतो, कॉम्प्रेसर फोडून तेल मातीत सांडतो आणि उरलेला फोम ओढ्याकाठी जाळतो. त्याला आम्ही दोष देत नाही, त्याचे पोट त्यावर आहे आणि तो विषारी धूर आधी त्याच्याच छातीत जातो. ई-कचऱ्याच्या २०२२च्या नियमांत फ्रिज मोडतो आणि जुना माल नोंदणीकृत कारखान्यात नीट मोडला जाण्याची जबाबदारी कंपन्यांवर आहे. म्हणून नवा घेताना जुना कोठे जाणार हे दुकानदाराला विचारावे. बदलीत दिलेले शहरातले फ्रिज पुष्कळदा पुन्हा विकले जातात आणि हिंडत हिंडत आपल्याच खळ्यावर येऊन मरतात.

आमच्या धर्मग्रामात असे पाच-सहा तरी पडून असतील. एकट्याने एक फ्रिज बेळगावला नेणे परवडत नाही, पण सगळ्यांचे मिळून टेम्पोचे भाडे वाटून जाईल. नोंदणीकृत घेणारा कोण, याची चौकशी आम्ही करतो. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी लावणी सुरू होण्याआधी एखाद्या रविवारी मिस्सानंतर आम्हाला सांगावे. टेम्पो ठरेल तेव्हा ठरेल, दार काढायला मात्र पाना घेऊन आम्ही त्याच दुपारी येऊ.