रोबो नागपुरात, सोनोग्राफी मानोऱ्यात

मूत्रपिंडाची गाठ वाढत वाढत शिरेतून थेट महाशिरेत, म्हणजे हृदयाकडे रक्त नेणाऱ्या पोटातल्या मोठ्या शिरेत, घुसते आणि अशी गाठ आता रोबोच्या साहाय्याने काढता येते, असं कुणी म्हटलं की दोन ठरलेली मतं कानावर येतात. एक म्हणतं, आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतल्या वाशिमला हे चोचले कशाला? दुसरं म्हणतं, यंत्र आलं म्हणजे काम फत्ते. मला दोन्ही मान्य नाहीत.

पहिल्या मतातलं अर्धं खरं आहे. मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत गाठ महाशिरेपर्यंत पोचलेले साधारण चार ते दहा. बारा लाखांच्या जिल्ह्यात असे किती निघणार? रोबो वाशिमात ठेवला तर धूळ खाईल आणि सर्जनचा हात बसणार नाही. पण म्हणून गरिबानं बरगडीखालचा हातभर काप मुकाट्यानं सोसावा, हा निष्कर्ष कुठून आला? खुर्चीवर बसून काम करणारा माणूस दोन महिने कसेबसे काढतो. ज्याला सोयाबीनच्या सोंगणीला जायचंय, त्याची मजुरी बुडते. छोट्या छिद्रांची खरी किंमत त्याला कळते. चैन म्हणायचीच तर ती मोठ्या कापाला म्हणा.

आता यंत्रभक्तांकडे वळू. रोबो स्वतःहून काहीच करत नाही. सर्जन कन्सोलवर बसून त्याचे हात हलवतो. उजव्या बाजूची गाठ घ्या. तिचा महाशिरेत शिरलेला भाग म्हणजे गुठळी. महाशिरेला गुठळीच्या खाली एक फास, डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला दुसरा, गुठळीच्या टोकाच्या वर तिसरा. रक्त अडलं की शीर उघडायची, गुठळी अखंड काढून पिशवीत टाकायची, आतून रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनच्या पाण्यानं धुवायचं आणि बारीक प्रोलिनच्या दोऱ्यानं शीर शिवायची. टोक तुटून फुप्फुसात गेलं तर माणूस टेबलावरच दगावू शकतो. तेव्हा कामी येतात ते अनुभवी भूलतज्ज्ञ, तयार ठेवलेलं रक्त आणि पोट उघडायला सज्ज असलेला चमू.

अमेरिकेत रॉनी अबाझा यांनी अशा पहिल्या काही रुग्णांचा अनुभव २०११ साली प्रसिद्ध केला. त्यानंतरच्या अहवालांत रक्तस्राव कमी, मुक्काम कमी असं दिसतं. पण ते बहुतेक निवडक रुग्णांचे आहेत, मोठी तुलनात्मक चाचणी झालेली नाही. २०१८ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगात छिद्रांतून केलेल्या शस्त्रक्रियांनंतर आजार परतण्याचं प्रमाण उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा जास्त निघालं, हे विसरू नये. आणि गुठळी हृदयापर्यंत गेली असेल तर बहुधा छाती उघडून हृदय-फुप्फुस यंत्रच लावावं लागतं.

म्हणजे मुद्दा गुठळी किती वर चढली याचा आहे. ती यकृताच्या खाली असताना सापडली तर रोबोचा उपयोग. जितकी वर, तितकं काम अवघड. आणि ती केव्हा सापडेल हे नागपूरच्या थिएटरात ठरत नाही, वाशिम जिल्ह्यातल्या मानोऱ्यात आणि रिसोडात ठरतं. गाठीमुळे लघवीला लाल झालं की ‘उन्हाळी लागली’ म्हणून धन्या-जिऱ्याचं पाणी, नाहीतर मुतखड्याची गोळी. दुखत नाही म्हणून कुणी फिरकत नाही, आणि चार दिवसांनी लघवी आपोआप साफ होते. घात होतो तो इथेच.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. रोबो विदर्भात एखाद्या मोठ्या सरकारी रुग्णालयात असावा, जिथं अशा शस्त्रक्रिया वारंवार होतील. त्याचा जादा खर्च जनआरोग्य योजनेच्या ५ लाखांत बसवावा, रुग्णाच्या खिशावर टाकू नये. २०२४ साली सुरू झालेल्या वाशिमच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयानं सीटी स्कॅन आणि पुढे पाठवण्याची जबाबदारी उचलावी. नागपूरला जाणारा समृद्धी महामार्ग जिल्ह्यातल्या कारंजा-मालेगावातून जातो, रस्त्याची सबब आता चालणार नाही.

आणि वाचकहो, लघवीत एकदा जरी रक्त दिसलं, दुखत नसलं, दुसऱ्या दिवशी थांबलं, तरी त्याच आठवड्यात सोनोग्राफी करून घ्या.