मनगट कमकुवत नाही, मूठ आवळलेली आहे!

ऊसतोडीचा हंगाम संपून माणसं केज तालुक्यात परतली, की माझ्या दवाखान्यात दुखरी मनगटं येतात. मागणी एकच : "डॉक्टर, हातात ताकद राहिली नाही, ताकदीचं इंजेक्शन द्या."

हे मला मान्य नाही. महिनोन् महिने ऊस तोडणारा हात कमकुवत कसा?

खरं कारण समजून घ्या. कोयता उचलताना मनगट अंगठ्याच्या बाजूला वळतं, घाव घालताना करंगळीच्या बाजूला. अंगठ्याच्या दोन कंडरा मनगटापाशी एका अरुंद आवरणातून जातात. मूठ सतत आवळलेली असेल तर प्रत्येक घावाला त्यांवर ताण येतो आणि आवरण जाड होतं. फ्रिट्झ डी क्वेरवेन या स्विस सर्जननी १८९५ मध्ये या आजाराचं वर्णन केलं.

गोल्फ खेळणाऱ्यांनाही हा त्रास होतो. पण दांडा आवळू नका, मनगट मोकळं सोडा, हे त्यांना प्रशिक्षक शिकवतो. तुम्हाला कोण शिकवतं?

म्हणून मी सांगतो. कोयता निसटणार नाही इतकाच घट्ट धरा. घाव झाला की बोटं सैल करा. धार रोज लावा. बोथट कोयता जास्त जोर मागतो. बारीक मुठीवर कापड गुंडाळा.

अंगठा मुठीत घेऊन मनगट हळूच करंगळीकडे वळवा. अंगठ्याच्या बुडाशी जोराची कळ आली, रात्री बोटांना मुंग्या आल्या किंवा हातातून वस्तू सुटू लागली, तर दाखवायला या. वेदनाशामक गोळ्या रोज खाऊन तोडणी रेटू नका. दुखणं झाकलं जातं, आजार वाढतो. उन्हात पाणी कमी पडलं तर किडनीलाही धोका असतो.

आता मुकादम आणि कारखानदारांना एक प्रश्न. या आजाराचं पहिलं औषध विश्रांती आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरता. एकाचा हात थांबला की दोघांच्या नावावर खाडा मांडता. मग मी चिठ्ठीवर 'विश्रांती' कुणासाठी लिहू? दुखऱ्या हाताचा खाडा बंद करा. तोवर माझी निम्मी चिठ्ठी कोरीच आहे.