अर्धा सूत

दिवाळी अंकासाठी काहीतरी खुसखुशीत लिहून द्या, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा मी आमच्या मोटारीखाली उताणा पडलो होतो. निरोप हिने आणला. मला फक्त तिची पावले दिसत होती. "काय सांगू त्यांना?" पावलांनी विचारले. "सांग, ऑइल गळतंय," मी म्हणालो.

या सदरात मी एरवी विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका किंवा घरातल्या कुरबुरी यांपलीकडे जात नाही, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. यंदा माझ्याच एका चुकीची हकिकत सांगायची आहे, आणि तिच्यासाठी थोडे इंजिन उघडावे लागणार आहे.

मोटार म्हणजे १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नंबर लावून, वर्षानुवर्षे वाट पाहून घेतलेली. मूळची ही इटलीची फियाट अकराशे. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून ती 'डिलाइट' म्हणून निघू लागली आणि पुढे पद्मिनी झाली. पद्मिनी जातीच्या स्त्रीच्या अंगाला कमळाचा सुगंध येतो, असे संस्कृत ग्रंथकार सांगतात. आमच्या पद्मिनीला पेट्रोलचा आणि जळक्या तेलाचा येतो. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा आईने वर्तमानपत्रातले तिचे छायाचित्र कापून देवघराच्या फळीवर ठेवले. अण्णा त्याआधी दोन वर्षे गेले होते. ते रोज रात्री गाडीखाली एक पुठ्ठा सरकवीत आणि सकाळी त्यावरचे थेंब मोजत. दोनांच्या वर थेंब दिसले की गाडी मिस्त्रींकडे.

ते गेल्यावर पुठ्ठा माझ्याकडे आला. गेल्या वर्षी नवरात्राच्या सुमारास मी थेंब मोजणे सोडून दिले, कारण ते एकमेकांत मिसळले होते.

इंजिनातले पिस्टन वरखाली होतात. त्या वरखालीचे गरगर फिरणे करतो तो वाकडातिकडा पोलादी दांडा म्हणजे क्रँकशाफ्ट. त्याचे पुढचे टोक इंजिनाबाहेर डोकावते, त्यावर पुली बसते आणि पुलीवर पंख्याचा पट्टा. आत तेल खेळत असते, बाहेर मात्र कोरडे हवे, आणि दांडा तर मिनिटाला हजारो फेरे घेतो. तेव्हा तिथे एक रबरी कडे बसवलेले असते, लहान मुलीच्या बांगडीएवढे. तेच ऑइल सील. त्याला आतून पातळ ओठ असतो, ओठामागे बारीक स्प्रिंगचे वेटोळे असते, आणि ते ओठाला पुलीच्या मानेवर हलकेच दाबून धरते. उष्णतेने रबर वर्षानुवर्षे कडक होत जाते आणि मग ओठ मिटत नाहीत. (प्राध्यापकांचे उलटे. वय वाढेल तसे त्यांचेही मिटत नाहीत, पण नरम पडतात.)

गळती नेमकी कुठली हे ओळखणे सोपे नसते, कारण वाऱ्याने तेल मागे उडते आणि गळते एकीकडे, ठिबकते भलतीकडे. अण्णांची युक्ती होती. सगळे पुसून कोरडे करायचे, वर टाल्कम पावडर फुंकायची, इंजिन चालवायचे आणि ओली रेघ कुठून निघते ते पाहायचे. हिचा पावडरीचा अर्धा डबा खर्ची पडला, पण रेघ सापडली. पुलीमागून निघत होती. पुढचे सील.

निदान बरोबर होते. औषध द्यायला मात्र मी वैद्य बोलावला नाही. दिवाळीची सुट्टी होती, हातात पाने होते, आणि मिस्त्रींना पैसे कशाला द्यायचे हा विचारही होताच. रेडिएटर उतरवला, पट्टा काढला. पुलीचा मोठा नट सोडवताना इंजिनच फिरू लागते, म्हणून गाडी टॉप गिअरमध्ये टाकून हिला ब्रेकवर बसवले. लग्नानंतर इतक्या एकचित्ताने तिने माझे काही ऐकल्याचे स्मरत नाही. नट सुटला. पुलीची अर्धचंद्राकृती चावी उडून तुळशीच्या कुंडीमागे गेली, ती शोधण्यात तास गेला. नव्या सीलचा ओठ आत, तेलाकडे, तोंड करून बसवायचा असतो, तेवढे मी बरोबर केले. पण बसवले कोरडेच, आणि हातोडा एका अंगाला जरा जोराने लागला. सील तिरके गेले. बोटाने चाचपले तेव्हा ते मला कळले.

हे वाक्य मी पुन्हा लिहितो. ते मला कळले होते. पण शेजारचे गृहस्थ कुंपणावरून पाहत होते, ही "झालं का?" म्हणून विचारत होती, आणि मी "झालं" म्हणून पुली चढवली.

भाऊबीजेच्या सकाळी आईला घेऊन वाईला निघालो. तिथे तिचा मोठा भाऊ असतो. वय शहाऐंशी, दिसत जवळजवळ नाही. शिरवळ मागे पडले, खंबाटकीचा चढ लागला, आणि तेलाने माखलेला पट्टा पुलीवरून घसरू लागला. पंखा मंदावला, पाणी उकळले, मागोमाग तेलाचा तांबडा दिवा लागला. पट्टी काढून पाहिली तर टोकालासुद्धा तेल नाही. सणाचा दिवस, एस. टी. गाड्या भरून वाहत होत्या. ओढून नेणारी गाडी येईपर्यंत आई रस्त्याच्या कठड्यावर बसून होती. मांडीवर ओवाळणीचे तबक, त्यावर रुमाल. तिकडे मामांनी पाट मांडून ठेवला होता आणि चार वाजेपर्यंत ते जेवले नव्हते, असे मागाहून समजले.

"गाडीचं वय झालं गं आता," मी म्हणालो. आई काही बोलली नाही.

धाकट्या भावाने बंगळूरहून सल्ला दिला, भंगारात देऊन टाक. नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीखही जवळ येत चालली होती. मी होकार देण्याच्या बेतात होतो. खरे कारण वाचकांनी ओळखलेच असेल. भंगारात गेलेल्या गाडीचे सील उघडून कोण पाहतो? पण आई म्हणाली, "एकदा मिस्त्रींना दाखव. मग काय ते कर."

नाना पेठेतल्या त्यांच्या बोळात आईही आली होती. तिला स्टूल दिले, चहा दिला. मिस्त्रींनी पुली काढली, विजेरी धरली आणि माझ्याकडे वळून विचारले, "हे कुणी बसवलं?"

बशीत चहा ओतता ओतता आई थांबली.

"मी," मी म्हणालो.

"तिरकं गेलंय," मिस्त्री म्हणाले. "पण सर, तेवढंच नाही. इथं नख लावा."

पुलीच्या मानेवर, सीलचा ओठ टेकतो तिथे, बारीक खाच होती. रबराने पोलाद झिजते हे मला पटेना. मिस्त्री म्हणाले, रबर नाही झिजवत, रबरात रुतलेली धूळ झिजवते, कानशीसारखी. "इतकी वर्षं एकाच जागी घासून चाकोरी पडलीय. सरळ बसवलं असतं तरी नवं सील जुन्या चाकोरीतच पडलं असतं. आज ना उद्या गळलंच असतं."

वीस वर्षे हा शब्द मी वर्गात वापरीत आलो आहे. चाकोरीला बोट लावण्याचा प्रसंग मात्र पहिलाच.

खाच खोल असती तर टर्नरकडून मानेवर पोलादाची पातळ बाही चढवावी लागली असती. तेवढी गरज नव्हती. मिस्त्रींनी आधी इंजिनाची श्वासनळी साफ केली. ती तुंबली तर आतला दाब तेलाला बाहेर ढकलतो आणि बोल मात्र सीलला लागतो. मग टायमिंगचे झाकणच उतरवून पाटावर ठेवले, नव्या सीलच्या ओठाला तेल लावले आणि वर सपाट लाकडी ठोकळा धरून चारी बाजूंनी हलके ठोके देत ते बसवले. पूर्ण आत नाही, अर्धा सूत अलीकडे. ओठ आता कोऱ्या जागेवर टेकणार होता. झाकण परत लावताना बोल्ट सैल ठेवले, पुली आत सरकवून सील तिच्याभोवती आपोआप मधोमध येऊ दिले, आणि मगच बोल्ट आवळले. ही शेवटची गोष्ट मला कधी सुचली नसती.

परतताना आई बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. स्वारगेटच्या सिग्नलला म्हणाली, "खंबाटकीला सांगितलं असतंस तरी चाललं असतं रे."

सिग्नल सुटला म्हणून मला काही उत्तर द्यावे लागले नाही.

तीन आठवडे झाले. पुठ्ठा आता आईच रात्री सरकवते आणि सकाळी उजेडात धरून पाहते. परवा एक थेंब निघाला, तो रेडिएटरच्या पाण्याचा होता. भावाला मी सगळे कळवले आहे. तो इतका हसला की मला फोन कानापासून दूर धरावा लागला. भाऊबीजेला पहाटे पाचला निघायचे ठरले आहे. मिस्त्री नको म्हणाले तरी तेलाचा एक डबा डिकीत ठेवणार आहे. काल आई मामांशी फोनवर मोठ्याने बोलत होती.

"दादा, पाट मांडून ठेव," ती सांगत होती. "पण तू जेवून घे. आमचं काही सांगता येत नाही."