घड्याळाची अदलाबदल : आधी हिशेब, मग हौस

एका व्यापारी मित्राने परवा विचारले, "माझे रोलेक्स सबमरिनर देऊन ओमेगा स्पीडमास्टर घेऊ का?" मी म्हटले, हौस निराळी आणि सौदा निराळा.

सबमरिनर 1953 पासूनचे, खोल पाण्यात उतरणाऱ्यांसाठी बनलेले. स्पीडमास्टर 1957 चे, 1969 साली चंद्रावर गेलेले. ख्याती दोघांचीही मोठी; पण वापरलेल्या मालाच्या बाजारात सबमरिनरला सहसा जास्त भाव मिळतो. म्हणजे बरोबरीच्या अदलाबदलीत मित्राचाच तोटा. वरची रक्कम त्याने रोख मागावी. पोलादी घड्याळांत अशी रक्कम घेण्यास हरकत नाही. सोन्याचे घड्याळ पुरुषाने वापरू नयेच. त्याची अदलाबदल करायची तर आधी आलिमांना विचारावे, कारण सोन्याला सोने देण्याचे नियम कडक आहेत.

मुद्दा आणखी एक. अदलाबदलीत आपण गिऱ्हाईक असतो, तसे दुकानदारही असतो. समोरच्याची मूळ पेटी, कागदपत्रे, दुरुस्तीच्या पावत्या आपण तपासतो. मग आपल्या घड्याळाची तबकडी बदलली असेल तर तेही सांगितले पाहिजे. ताग्यातला डाग आम्ही कापडवाले गिऱ्हाइकाला आधी दाखवतो. भाव थोडा उतरतो, पण कमाई हलाल राहते. ऐब लपवून मिळालेल्या घड्याळात बरकत कुठली?