इतिहासाचे गुण आणि किल्लारीचे पालक

शाळा सुरू झाली की पालकसभेची सूचना लागते. किल्लारीसारख्या गावात अशा सभेला आलेला पालक बहुधा एकच विचारतो : पोराला गणितात आणि विज्ञानात किती पडतात? इतिहासाच्या शिक्षकाकडे कोणी वळत नाही. यात पालकाचा दोष थोडा. लातूर शहर येथून चाळीसेक किलोमीटरवर आहे, आणि ‘लातूर पॅटर्न’ने मराठवाड्याला एवढेच शिकवले की डॉक्टर-इंजिनियर होण्यास जे उपयोगी नाही ते पाठ करून उरकावे. इतिहास हा उरकण्याचा विषय ठरला.

तथापि 2018 साली आलेले दहावीचे ‘इतिहास व राज्यशास्त्र’ हे पुस्तक पालकाने उघडले तर तो चकित होईल. त्यात राजांच्या वंशावळी नाहीत. आरंभीची दोन प्रकरणे इतिहास कसा लिहिला जातो याविषयी आहेत; शेवट ऐतिहासिक ठेव्यांच्या जतनाने होतो. पुरावा कोणाचा, तो कोणी नोंदवला, कोणाचा आवाज त्यातून गळला, या प्रश्नांना त्या पुस्तकाने निदान दार उघडून दिले आहे. त्यांची तयारी घोकंपट्टीने होत नाही, हे पालकाला कोणी तरी सांगायला हवे.

मूल्यमापनाची रीत तर त्याला अधिकच अनोळखी. आठवीपर्यंत प्रगतिपुस्तकात श्रेणी येतात, नववीत एकाएकी गुण. दहावीला सामाजिक शास्त्रांचे 100 गुण. त्यांत इतिहास-राज्यशास्त्राचे 40, भूगोलाचे 40 आणि अंतर्गत मूल्यमापनाचे 20. हे शेवटचे वीस शाळेच्या हाती. मंडळाने 2019 च्या परीक्षेत भाषा व सामाजिक शास्त्रांचे असे गुण काढून घेतले, तेव्हा राज्याचा निकाल 77.10 टक्क्यांवर आला. 2020 मध्ये ते परत मिळाले आणि निकाल 95.30 टक्क्यांवर गेला. पहिल्या वर्षी अभ्यासक्रम नवा होता, दुसऱ्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही. तेव्हा साऱ्या फरकाचे खापर एका कारणावर फोडता येणार नाही. परंतु लोकांनी अर्थ लावला तो असा की, वीस गुण ही शाळेने वाटलेली खिरापत आहे.

खिरापतीचा हिशेब कोणी मागत नाही. आणि हिशेब मागितला न जाण्याचा तोटा होतो तो गरिबाच्या पोराला. शिकलेल्या घरी आई-बाप उत्तरपत्रिका मागवून पाहतात, शिक्षकाला गाठतात. सोयाबीनच्या काढणीला जाणारी आई गुणपत्रिकेवरचा आकडा पाहते आणि मुलाची कुवत तेवढीच, असे धरून चालते. गुण कशाचे दिले हे न सांगता दिलेला आकडा हा निवाडा असतो, आणि कारण न सांगता दिलेला निवाडा लोकशाहीत कोणी मान्य करू नये.

किल्लारीच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चारच्या सुमारास, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गाव झोपले असताना, भूकंप झाला. या पट्ट्यात सुमारे आठ हजार माणसे गेली. त्या वेळी आठ-दहा वर्षांचा असलेला मुलगा आज दहावीच्या मुलाचा बाप आहे. पुस्तक ज्याला मौखिक साधन म्हणते ते पालकसभेत मागच्या बाकावर गप्प बसलेले असते!

त्याच्याकडे केवळ दुःखाची आठवण आहे असे नाही. 1992 च्या ऑक्टोबरपासून गावाला धक्के बसत होते, तेव्हा अधिकारी काय म्हणाले हे त्याच्या घरात बोलले गेले आहे. दगड-मातीच्या जाड भिंतींची माळवदाची घरे कोसळली आणि हलकी छपरे पुष्कळशी वाचली, हेही त्याला ठाऊक आहे. पुढे 52 गावे नव्या जागी वसवली गेली. घरे दिली ती जमीनधारणा पाहून : भूमिहीन व एक हेक्टरपर्यंतच्या कुटुंबाला 250 चौरस फूट, त्यावर सात हेक्टरपर्यंत 400, त्याहून अधिक असेल तर 750. भूकंपाने जी विषमता एका रात्रीत मातीत मिळवली होती ती सरकारने नकाशावर पुन्हा आखून दिली. ‘आपले घर एवढेच का?’ हा प्रश्न वडिलांना विचारून, उत्तर सरकारी कागदाशी ताडून जो विद्यार्थी चार पाने लिहील, त्याने इतिहासाचा अभ्यास केला असे म्हणावे लागेल. त्याला अंतर्गत मूल्यमापनात किती गुण मिळतील? नमुना उत्तरात ते बसत नाही म्हणून शिक्षकाने ते बाजूला ठेवले तर?

म्हणूनच इतिहासाच्या तासाची पालकांना ओळख करून देणारी स्वतंत्र सभा हवी. शिक्षणहक्काच्या 2009 च्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या, पण त्या कायद्याची हद्द आठवीला संपते. पुढे शाळेची मर्जी. सभेत भाषणे नकोत. शिक्षकाने नाव झाकून दोन उत्तरे मोठ्याने वाचावीत, एक पुस्तकातले जसेच्या तसे, दुसरे स्वतः शोधून लिहिलेले, आणि कोणाला किती गुण व का, हे पालकांसमोर सांगावे. पालकांनी हरकत घेतली तर ऐकावी. शिक्षकांवर आधीच सर्वेक्षणांची आणि निवडणूककामांची ओझी आहेत, हे खरे. तेव्हा घरोघर जाऊन पालकांना सभेला आणण्याचे काम आपल्या गावोगावच्या कार्यकर्त्यांनी उचलावे.

सभा मात्र संध्याकाळी ठेवावी. दुपारी ठेवली तर मजुरी बुडते आणि नेमके ज्यांनी यायला हवे तेच येत नाहीत. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. त्याआधी ती झाली पाहिजे.