जात्यावरची ओवी

गेल्या रविवारी मिस्सा आटोपून घरी परतताना शेजारच्या एका शाळकरी मुलीने आम्हांस विचारिले, "आजोबा, तुमचे सर्वांत आवडते गाणे कोणते?" प्रश्न साधा, परंतु आम्हांस चटकन उत्तर देता आले नाही. नाट्यपदे, भावगीते, नाताळची गीते, रेडिओवर ऐकलेली कितीतरी गाणी आठवली. मन मात्र या सर्वांना ओलांडून पेडणे महालातील आमच्या जुन्या घरी, जात्यापाशी जाऊन बसले.

आमची आई पहाटे उठून नाचणी दळावयास बसे. आम्ही अर्धवट झोपेत तिच्या मांडीवर डोके टेकीत असू. जात्याची घरघर आणि तीवर तरंगणारा तिचा स्वर, एवढेच आमचे पहिले संगीत. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचा मामा, तारवटी होता. मुंबईस धोबीतलावच्या कुडीत उतरावयाचे आणि आगबोट मिळाली की दूरदेशी जावयाचे, हा त्याचा क्रम. त्याच्या नावाची एक ओवी आईने स्वतः रचिली होती. दळण सरत आले की ती ओवी यावयाचीच.

एका पावसाळ्यात कुडीतून पत्र आले. मामा समुद्रावरच वारला होता. दुसऱ्या दिवशीही जाते फिरले, कारण मुलांच्या पोटाला भाकरी हवी होती. पण ओवी उमटली नाही. बाबेलात बंदी होऊन गेलेल्या इस्राएल लोकांनी आपल्या वीणा झाडांवर टांगून ठेविल्या, असे १३७ व्या स्तोत्रात आहे. ते स्तोत्र कानी पडले की आम्हांस ते मुके जाते दिसते. पुढे १९६१ साली गोवा मुक्त झाला, काही वर्षांनी गावात गिरणी आली, आणि जाते कोपऱ्यात गेले ते कायमचेच.

आम्ही शिकलो, शहाणे झालो, आणि बायकांच्या ओव्या म्हणजे अडाण्यांचे गाणे असे मानू लागलो. ही समजूत किती खोटी! १५७९ साली गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीयाने ख्रिस्तचरित्र मराठीत सांगावयास घेतले, तेव्हा त्यांनी ओवीच निवडली. तीन सारखी चरणे आणि चौथे आखूड, अशी ज्ञानेश्वरीची ओवी. जात्यावरची ओवी तिचीच घरगुती बहीण. सुमारे अकरा हजार ओव्यांचे त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे छापले गेले. १६४९ व १६५४ साली ते पुन्हा छापले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती लागत नाही. छापलेले नाहीसे झाले; पण भाविकांनी ते हातांनी उतरून काढिले, उपवासकाळात मोठ्याने वाचिले, म्हणून ते आपणांपर्यंत पोहोचले.

गाणे तेच असते, ऐकणारे मन मात्र बदलते. १८१८ च्या नाताळच्या आदल्या रात्री ऑस्ट्रियातील ओबेर्नडोर्फ गावच्या देवळात प्रथम गायिले गेलेले 'शांत रात्री'चे गीत आज जगभर आनंदाने गातात. आई गेल्यानंतरच्या पहिल्या नाताळात तेच गीत सुरू झाले आणि आमचा कंठ दाटून आला. घरी येऊन आम्ही तिची ती ओवी आठवावयास बसलो. चाल आठवली, पहिला चरण आठवला. पुढले शब्द आले नाहीत. ती हयात असताना आम्ही एकदाही म्हटले नाही की, "आई, मामाची ओवी पुन्हा म्हण." तिचे दुःख जागे होईल असे आम्ही स्वतःस सांगत आलो. खरे सांगावयाचे तर आम्ही विचारावयाचे आळसाने टाळिले.

त्या मुलीस आम्ही एवढेच सांगितले, "बाळ, तुझी आजी अजून आहे. आज जपमाळ झाल्यावर तिच्यापाशी वही घेऊन बैस."

काल सायंकाळी ती वही दाखवावयास आली. वेड्यावाकड्या अक्षरांत दोन ओव्या उतरल्या होत्या. "आजी म्हणताना रडली," ती हळूच म्हणाली, "पण मग तिनेच मला आणखी एक सांगते म्हणून बसवून घेतले."

वाचकहो, आपल्या घरीही कोपऱ्यात एखादे जाते असेल. त्याजपाशी बसलेली माणसे आहेत तोवरच त्यांस विचारावे.